आईच्या दारावरून

कोल्दारे,
११ फेब्रुवारी १९७९

ती. सौ. नीवेसताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. दरवर्षी लिहितेस तेच लिहिलंस: थंडी फार आहे, आम्पेलिओ भाऊजी खोकतात, तू बरा असशील. मीही दरवर्षी तेच उत्तर पाठवतो. यंदा मात्र चार ओळींत भागणार नाही, म्हणून चांगला कागद आणलाय. चष्मा लाव आणि निवांत बसून वाच.

आधी गावची खबर. डेअरीने नवी गाडी घेतली, दूध पोचवायला मीच जातो. गुडघा चढावर कुरकुरतो, गाडी त्याहून जास्त. शेजारच्या ओनोरिनाबाई होत्या तशाच आहेत. बरणी पायरीवर ठेवतात, मी भरतो, आणि मी फाटकाबाहेर पडेपर्यंत दार उघडत नाहीत. आई गेल्यापासून त्यांनी माझ्याशी शब्द बोललेला नाही, पण दूध माझ्याकडूनच घेतात. गावात दुसरा दूधवाला नाही ना.

आता मुद्दा. मोठी सायकल फेरी यंदा जूनमध्ये पुन्हा कोल्दारेवरून जाणार आहे. त्या वर्षानंतर पहिल्यांदाच. गावाला नुसतं वेड लागलंय. माझ्या दुधाच्या गाडीसाठी जे खड्डे कधी बुजले नाहीत ते आता बुजतायत. आणि त्याआधी, मे महिन्यात, चौकात समारंभ आहे. पाहुणा कोण, तर लिओनिदा ब्रुसोनी. हो, तोच. ज्याच्यासाठी मी उमेदीची सगळी वर्षं पाणी वाहिलं तो माझा कप्तान. हल्ली टीव्हीवर कॉफीचा कप नाकाशी धरून हसतो. कॉफीने त्याच्या पोटात आग पडायची, एक घोट घेत नसे. पण हसणं त्याला पूर्वीपासून छान जमतं.

सरपंच घरी आले होते. म्हणाले, दोरिनो, तुम्हीही मंचावर बसायचं, गावातला एकमेव धंदेवाईक सायकलपटू तुम्ही. मी म्हटलं, याच गावाने माझ्या दारावर चुन्याने ‘पोरका’ असं लिहिलं होतं, ते तुम्हाला आठवतं का? ते म्हणाले, मी तेव्हा लहान होतो हो, आणि वाइनचा पेला पुढे केला.

ताई, मला एकच गोष्ट हवी आहे. त्या दिवशी आईजवळ थांबू नकोस, असा हुकूम लिओनिदाचा होता, मी आपल्या मनाने गेलो नाही, एवढं त्याने चौकात, सगळ्यांसमोर सांगावं. मी मरायच्या आत गावाने ते एकदा ऐकावं. आणि तूही ऐकावंस, म्हणून तू ये.

आम्पेलिओंना नमस्कार. तुझ्या मनातला राग जरा बाजूला सरकवून तेवढ्यात मला जागा असू दे.

तुझा,
दोरिनो

*

शार्लरुआ,
२६ फेब्रुवारी १९७९

चि. दोरिनो यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ते वाचून होईपर्यंत इकडे सूप करपलं. आम्पेलिओंनी ते मुकाट्याने खाल्लं, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळख. एरवी मीठ कमी पडलं तरी हा माणूस इटलीला परत जायच्या गोष्टी करतो.

तू म्हणतोस, हुकूम लिओनिदाचा होता. असेल. पण ही रीत काही कालची नाही. शर्यत ज्याच्या गावातून जाते त्याला बाकीचे सगळे पुढे सोडतात. त्याने पुढे जावं, आईच्या नाहीतर बायकोच्या गालाचा मुका घ्यावा, घोटभर काही प्यावं, आणि मागचे आले की गुपचूप त्यांच्यात मिसळावं. तेवढ्या वेळात कुणी कुणाचा फायदा घेत नाही. बाबांच्या खांद्यावर बसून आपण अशी किती माणसं थांबताना पाहिली! तूच म्हणायचास, मी मोठा झालो की आईला असाच भेटेन. तेव्हा तुला नाक पुसता येत नव्हतं, पण रीत माहीत होती.

त्या वर्षी मी इथे होते. ओनोरिनाबाईंनी मला सगळं लिहून कळवलं, आणि ते पत्र मी आम्पेलिओंनासुद्धा वाचून दाखवू शकले नाही. आईने चर्चचा काळा झगा घातला होता. अंड्याचा बलक साखर नि गोड वाइन घालून फेटला होता, आणि तो बसू नये म्हणून कप हातात घेऊन रस्त्याच्या कडेला चमच्याने फेटत उभी होती. शेजारणींना सांगत होती, बघा, माझा पोरगा आधी विचारेल, गरम आहे का. तू आलास, सगळ्यांच्या पुढे, एकटा. गाव ओरडलं. आणि तू गेलास. शेवटची गाडी जाईपर्यंत आई तिथेच. तिला वाटलं, तू वळून येशील. मग कप ओनोरिनाबाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, तूच पी बाई, वाया नको जायला.

हुकूम त्याचा, मान्य. पाय कुणाचे होते रे?

आणि त्या माणसाकडून तू न्याय मागणार! वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. आम्पेलिओ म्हणतात, त्याला लिही की खाणीत मुकादम हुकूम सोडायचा आणि छातीत धूळ आमच्या भरायची, पण म्हणून आम्ही मुकादमाच्या दारी दाखला मागायला गेलो नाही.

मी येणार नाही. आम्पेलिओंना जिना चढवत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे चौकात माझ्या हातून काय होईल याची मला खात्री नाही.

गुडघ्याला उबदार तेल लाव. रागावले आहे म्हणून आशीर्वाद कमी झालेले नाहीत, ते घ्यावेत.

तुझी,
नीवेस

*

कोल्दारे,
१८ मार्च १९७९

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पाय माझेच होते. पण पाणक्याचे पाय कुणाच्या मालकीचे असतात ते एकदा ऐकून घे. मग शिव्या घाल.

कप्तानाला तहान लागली की मी मागे संघाच्या गाडीपर्यंत जायचं, बाटल्या अंगरख्यात कोंबायच्या आणि गरोदर बाईसारखं फुगून पुन्हा सगळ्यांना गाठायचं. समोरून वारा आला की मी पुढे, तो माझ्या आडोशाला. त्याचं चाक फुटलं की माझं काढून द्यायचं आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. साहेबांना लघवीला लागली तर उतरायला नको म्हणून चालत्या सायकलवर मी त्यांची पाठ ढकलायची. हसू नकोस, आम्पेलिओ हसले तरी चालतील. वर्तमानपत्रात माझं नाव कधी आलं नाही. मी ‘आणि इतर’मध्ये असायचो. पण या कामाची मला लाज नव्हती, ताई. मी ते चांगलं करायचो. लिओनिदा म्हणायचा, दोरिनो पुढे असला की मला झोप काढता येईल. मला त्यात सुख वाटायचं.

त्या सकाळी मालीशवाला त्याच्या मांड्या चोळत होता. लिओनिदा म्हणाला, आज तुझं गाव. ते तुला सोडतील. तू जा आणि थांबू नकोस. ते वाट बघत बसतील की हा आता आईला भेटतोय, आता भेटतोय. कळेल तेव्हा तू लांब गेलेला असशील. मग ते चढावर छाती फोडून तुझ्यामागे धावतील, आणि मी आरामात त्यांच्या पाठीशी बसेन. मी म्हटलं, कप्तान, आई उभी असेल. तो म्हणाला, आई उद्याही असेल. तुझा पुढच्या वर्षीचा करार उद्या असेल का, ते बघ.

झालं ते असं झालं. पुढच्या घाटात त्यांनी मला गाठलं. तोवर त्यांचा दम संपला होता, लिओनिदा सुटला आणि जिंकला. वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, पोराला आपल्या गावात चमकायची घाई झाली, मी तरी काय करणार? मी शेजारीच उभा होतो. घामेजलेला, त्याच्या बाटल्या हातात धरून. जेवताना त्याने आपल्या ताटातला मांसाचा तुकडा माझ्या ताटात घातला. कुत्र्याला टाकतात तसा नव्हे, अगदी मायेने. ते मला जास्त लागलं.

लिओनिदाला कुणी काही बोललं नाही. शिक्षा मला झाली. दुसऱ्या दिवसापासून कुणी मला आपल्या आडोशाला येऊ देईना. पडलो तर कुणी थांबेना. जन्मभर लोकांना पाणी वाहिलेल्या माणसाला भर उन्हात कुणी घोट देईना. पोरका म्हणू लागले मला, आई जिवंत असताना. दुसरा कुठलाही संघ मला घेईना, म्हणून शेवटपर्यंत मी लिओनिदाकडेच राहिलो. त्याला फुकटात इमानी माणूस मिळाला.

फेरी संपल्यावर मी घरी आलो. आईने जेवायला वाढलं. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, पोलेंटा गार होतोय. जानेवारीत ती गेली तेव्हा मी समुद्राकाठी सरावाला होतो, त्याच्याचबरोबर.

मी लिओनिदाला पत्र टाकलंय. सरळ लिहिलंय, खरं काय ते चौकात सांग.

आम्पेलिओंना म्हणावं, दाखला नको आहे, साक्ष हवी आहे. रागाने का होईना, पण लिहीत राहा.

तुझा,
दोरिनो

*

तोरिनो,
९ एप्रिल १९७९

प्रिय मित्र दोरिनो,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. केवढा काळ लोटला, आणि तुझ्या मनात अजून हे सलतंय! अरे वेड्या, वर्तमानपत्रवाल्यांना काहीतरी सांगावं लागतं. तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. त्या काळी आपण सगळेच पोटासाठी पळत होतो.

मी बरा आहे. डॉक्टर लोणी बंद करा म्हणतात, बायको डॉक्टर बंद करा म्हणते. कॉफीच्या जाहिरातीमुळे रस्त्यात पोरं थांबवतात, सह्या मागतात. त्यांच्यापैकी एकालाही मी सायकल चालवायचो हे ठाऊक नसतं. तेव्हा तुला वाटतं तसं एकट्या तुलाच लोक विसरलेले नाहीत.

तुझ्या मागणीबद्दल अगदी निश्चिंत राहा. मी सांगेन. चौकात, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. हुकूम माझा होता, मी कशाला नाकारू? तुमच्या सरपंचांशी फोनवर बोललो आणि त्यांना एक कल्पनाही सुचवली. ते तुझ्यासाठी गुपित आहे. चांगला सूट घालून ये, छायाचित्रकार असतील.

तुझ्यासारखी माणसं आता होत नाहीत, दोरिनो. मातोश्रींना माझा नमस्कार सांग. आपला स्नेह आहे तसाच आहे, असं मी धरून चालतो.

तुझा जुना कप्तान,
लिओनिदा

*

शार्लरुआ,
३० एप्रिल १९७९

चि. दोरिनो यास,
अ. उ. आ.

तू पाठवलेलं त्याचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. आईला नमस्कार सांगितलाय त्याने. जाऊन सांगणार का? दफनभूमी उताराच्या बाजूला आहे, तुझ्या गुडघ्याला त्रास व्हायचा नाही.

तुझं मार्चचं पत्र मात्र मी आम्पेलिओंना वाचून दाखवलं. लघवीच्या ठिकाणी ते हसले, आणि पाण्याच्या घोटाच्या ठिकाणी उठून खिडकीशी गेले. नंतर म्हणाले, पोराला एकट्याला धरलं सगळ्यांनी. आई तुला पोलेंटा गार होतोय म्हणाली, हे मला ठाऊक नव्हतं. ते वाचल्यापासून मला तुझ्यावर पहिल्यासारखं नीट रागावता येत नाही, आणि त्याचाही राग येतोय.

एक सांगते. तो खरं सांगणार म्हणतोय, त्याचीच मला भीती वाटते. खोटं बोलला असता तर आपण त्याला ओळखून होतो. गुपितं ठेवणाऱ्या पाहुण्याला घरात घेऊ नये, असं आई म्हणायची.

काळा सूट घालू नकोस, निळा घाल. आम्पेलिओंचाही तुला आशीर्वाद. आमची आठवण ठेवून जप स्वतःला.

तुझी,
नीवेस

*

कोल्दारे,
२१ मे १९७९

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

काल झाला समारंभ. निळाच सूट घातला होता.

लिओनिदा मोठ्या गाडीतून आला. केस पांढरे, दात त्याहून पांढरे. मला मिठी मारली, आणि छायाचित्रकाराला नीट दिसेना म्हणून पुन्हा एकदा मारली. चौक भरला होता. खाटीक ब्रूनो, पाद्रीबाबा, डेअरीचे सगळे. ओनोरिनाबाई कारंज्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या आल्या हे बघून मला बरं वाटलं. म्हटलं, आज त्याही ऐकतील.

तो मायक्रोफोनशी गेला आणि त्याने शब्द पाळला, ताई. एकही गोष्ट लपवली नाही. म्हणाला, लोक म्हणतात हा माणूस त्या दिवशी आपल्या मनाने गेला. खोटं आहे. मी त्याला सांगितलं होतं, थांबू नकोस. आई रस्त्यावर उभी आहे हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी हा थांबला नाही. मला वाटलं, आता संपलं, सुटलो.

आणि मग तो म्हणाला, कप्तानासाठी जन्मदात्या आईच्या दारावरून न थांबता पुढे जाणारा माणूस आज कुठे मिळेल? आजच्या पोरांना पगार कळतो, निष्ठा कळत नाही. टाळ्या वाजवा दोरिनो मेनेगातसाठी!

वाजवल्या, ताई. सगळ्यांनी. उभं राहून. खाटीक ब्रूनोने, ज्याने इतकी वर्षं मला हाडंच बांधून दिली, त्याने शिट्टी वाजवली. पाद्रीबाबासुद्धा. मी मंचावर उभा होतो आणि लिओनिदाने माझा हात धरून वर केला. जन्मात कधी शर्यत जिंकलो नाही, त्यामुळे हात वर झाल्यावर कसं दिसायचं ते मला कळेना. मी हसलो असेन. वर्तमानपत्रातल्या फोटोत मी हसतोय.

एकट्या ओनोरिनाबाई बसून होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, अहो पाहुणे, तुम्हाला आई होती का? लोकांनी त्यांना गप्प केलं. म्हातारी झालीय, म्हणाले.

मग गुपित. सगळी वरात आपल्या फाटकापाशी गेली, तुतीखाली, जिथे आई उभी होती तिथे. सरपंचांनी कापड ओढलं. संगमरवराचा दगड बसवलाय. वर लिओनिदाचं नाव, मोठं. खाली माझं. आणि मधे लिहिलंय: ‘इथून निष्ठा न थांबता पुढे गेली.’ मी सरपंचांना म्हटलं, आईचं नाव? एर्सिलिया. ते म्हणाले, अहो, आधी सांगायचं नाही का, आता दगडावर जागा नाही.

जाताना लिओनिदा कानात म्हणाला, आता तरी खूश ना? मी हो म्हटलं. सवयीने.

ताई, मी मागितलं होतं ते मला मिळालं. गावाला आता खरं कळलंय. सकाळी दूध घालायला गेलो तर लोक टोपी काढतात. आधी पोरका म्हणायचे तेच बरं होतं, त्यात निदान आईचं नाव निघायचं. तुझ्याकडे मागण्यासारखं आता काही उरलं नाही, पण लिही.

तुझा,
दोरिनो

*

शार्लरुआ,
२७ मे १९७९

चि. दोरिनो यास,
अ. उ. आ.

मी टाळ्या वाजवणार नाही. माझ्याकडून तेवढं गृहीत धर.

तुझं पत्र आल्यावर मी तुला शिव्या द्यायला बसले, आणि लिहिताना लक्षात आलं, की त्या सगळ्या तुझ्या नव्हेत. काही त्या कप्तानाच्या, काही गावाच्या, आणि काही माझ्या स्वतःच्या. मी तरी कुठे होते त्या दिवशी? तिकडे आई कप घेऊन उभी आणि मी इथे परक्या लोकांचे रस्सेदार बटाटे शिजवत होते. आपल्या घरचं कुणीच तिच्याजवळ नव्हतं. एक लेक परदेशात, एक लेक सायकलवर.

दगडाबद्दल काय करायचं ते नंतर बघू. आम्पेलिओ म्हणतात, माझ्याकडे अजून खाणीतला हातोडा आहे, पोस्टाने पाठवायला काय लागतं विचारून येतो. मी त्यांना खाली बसवलं.

तुला एक काम सांगते, आणि ते तू करायचंस. शर्यत जाईल तेव्हा मंचावर बसू नकोस, सरपंचांच्या शेजारी उभा राहू नकोस. आई उभी होती तिथे जाऊन उभा राहा. आपल्या घरातलं कुणीतरी एकदा तरी तिथे असायला हवं. मला येता येत नाही, तू माझ्या वाटचाही उभा राहा. आणि काय दिसलं ते मला लिही.

डोकं झाकून जा, ऊन असेल. माझं तुझ्यावर प्रेम आहेच. ते आईसारखं मलाही बोलून दाखवता येत नाही, म्हणून हे सगळं.

तुझी,
नीवेस

*

कोल्दारे,
३ जून १९७९

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

काल उभा राहिलो.

लोक लवकरच जमले होते. मला पाहून वाट करून दिली, कुणी खुर्ची आणली. मी नको म्हटलं. दगडाला पाठ लावली, निदान तेवढ्यापुरता तो कुणाला वाचता येऊ नये म्हणून. थोड्या वेळाने ओनोरिनाबाई काठी टेकत आल्या. इतक्या वर्षांनी त्यांनी माझ्याशी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाल्या, तिथे नाही, जरा इकडे सरक, ती इथे होती. मी सरकलो. मग त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

आता तू सांगितलंस तसं, काय दिसलं ते लिहितो.

मी इतकी वर्षं स्वतःची एक समजूत घालत आलोय. शर्यत म्हणजे वाऱ्याची झुळूक, आली आणि गेली. रस्त्याच्या कडेच्या माणसाला रंग दिसतात, पाठी दिसतात, चेहरा कुणाचाच दिसत नाही. आईला माझा अंगरखा दिसला असेल फक्त, असं मी म्हणायचो. एवढ्यावर मी झोपत आलो.

खोटं आहे, ताई. तिथे चढ आहे. तो चढ मी जन्मभर चढत आलो, वर उभं राहून येणाऱ्याकडे कधी बघितलं नाही. आईच्या जागेवरून रस्ता थेट पुलाच्या वळणापर्यंत उघडा दिसतो. पोरं वळणावर आली आणि तिथून एकेक करून, हळूहळू, दात खात वर आली. मला सगळ्यांचे चेहरे दिसले. एकाच्या गालावर मिठाचा पांढरा ओघळ होता. एकाचा ओठ फुटलेला होता. एक पोरगा चढाच्या सुरुवातीपासून माझ्याकडे बघत आला, आणि जवळ आल्यावर त्याने नजर वळवली, का ते त्यालाच ठाऊक. तेही मला दिसलं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी दिसलं असतं.

आईने मला पुलापासून ओळखलं असणार. मी सगळ्यांच्या पुढे येतोय म्हणून ती आधी हसली असणार. मी वर येईपर्यंत तिने कप दोन्ही हातांनी पुढे धरला असणार. आणि मी तिच्यासमोर आल्यावर मान खाली घालून चाकाकडे बघितलं, ते तिने बघितलं. मी ठरवून मान खाली घातली होती, ताई. लिओनिदाने थांबू नकोस म्हटलं होतं. बघू नकोस असं तो म्हणाला नव्हता.

सगळे गेल्यावर लोक पांगले. ओनोरिनाबाईंना मी विचारलं, तिने मला हाक मारली होती का? त्या म्हणाल्या, नाही. पोरगा घाईत आहे, म्हणाली.

लोभ असावा, हे आज तुझ्याकडे मागायला लाज वाटते. तरी मागतो.

तुझा,
दोरिनो